ड्राइव्हवेवर आणि साइडवॉकवर मीठ नेमकं किती? (मिनियापोलिस परिसर, नवं काँक्रीट)

उत्तराभिमुख

ठिकाण मिनियापोलिसचं उपनगर. ड्राइव्हवे ४० × २० फूट, काँक्रीटचा, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ओतलेला. घराचं तोंड उत्तरेला, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत ड्राइव्हवेच्या वरच्या अर्ध्या भागावर ऊन येतच नाही. समोर ६० फूट लांब, ५ फूट रुंद साइडवॉक (जुना), तो साफ ठेवायची जबाबदारी घरमालकाची. उतार रस्त्याकडे, कडेला पावसाळी गटाराची जाळी, आणि ते गटार कुठलीही प्रक्रिया न होता थेट तळ्यात जातं. बाजूला शुगर मेपलची दोन झाडं, घरात कुत्रा.

प्रश्न असे:

१. एका वेळी मीठ किती टाकावं? बॅगेवर फक्त 'गरजेनुसार' लिहिलेलं असतं.
२. 'पेट सेफ', 'इको' असं लिहिलेल्या दुप्पट किमतीच्या बॅगा खरंच वेगळ्या असतात का?
३. शेतीचा युरिया चालतो असं एकाने सुचवलंय. खरं आहे?
४. वाळू आणि मीठ अर्धं-अर्धं मिसळून टाकलं तर मीठ वाचेल का?
५. बर्फ पडायच्या आधी मिठाचं पाणी फवारणं घरच्या घरी जमतं का?

नोव्हेंबरचा पहिला आठवडा आहे, तयारीला वेळ आहे.

खडेमीठ

आधी मिठाकडून कामाची अपेक्षा काय ते बघू. बर्फाची जमिनीवरची पकड सुटली की मिठाचं काम संपलं, पुढचं फावड्याने करायचं. चार इंच बर्फावर मीठ ओतून तो जिरण्याची वाट बघत बसलात तर बॅग रिकामी होईल आणि खाली चिखल उरेल, जो रात्री पुन्हा गोठेल.

मीठ किती काम करेल हे जमिनीच्या तापमानावर ठरतं. हवेच्या नाही. साध्या मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा हिशेब साधारण असा:

३० फॅ. (उणे १ सें.): १ पौंड मीठ ४६ पौंड बर्फ वितळवतं, ५ मिनिटांत
२५ फॅ. (उणे ४): १४ पौंड, १० मिनिटं
२० फॅ. (उणे ७): साडेआठ पौंड, २० मिनिटं
१५ फॅ. (उणे ९): सहा पौंड, १ तास
१० फॅ. (उणे १२): कागदावर पाच पौंड, पण प्रत्यक्षात कोरडं मीठ विरघळण्याआधीच वाऱ्याने किंवा टायरखाली उडून जातं

तीस आणि वीसमधला फरक बघा, पाच पटींहून जास्त आहे. म्हणून जमीन १५ फॅ.च्या खाली गेली की साधं मीठ टाकू नका. बहुतेक लोक नेमकं तेव्हाच 'काम करत नाही, अजून टाका' म्हणून दुसरी बॅग फोडतात. पुस्तकात मिठाचा गोठणबिंदू उणे २१ सें. दिलेला असतो, पण तो २३.३ टक्के तीव्रतेच्या तयार द्रावणाचा आहे. ड्राइव्हवेवर पहिला थेंब वितळला की द्रावण पातळ व्हायला लागतं.

जमिनीचं तापमान मोजायला वीस-तीस डॉलरचा इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. तो घरातल्या उबेतून आणून लगेच वापरला तर चुकीचा आकडा देतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. मोजताना बर्फ बाजूला सारून उघड्या जमिनीवर धरा, आणि तुमच्याकडे उन्हातला भाग आणि सावलीतला भाग वेगवेगळे मोजा. मार्चच्या दुपारी दोन्हींत चांगलाच फरक निघेल, मग खालच्या अर्ध्या भागाला मीठ लागणारच नाही.

प्रमाण: १,००० चौरस फुटांना ४ पौंड, म्हणजे चौरस मीटरला २० ग्रॅमच्या आसपास. ही कमाल धरा. १२ औंसांचा कॉफीचा मग शिगोशिग भरला की साधारण एक पौंड होतो, तो २५० चौरस फुटांना पुरतो, म्हणजे साइडवॉकच्या ५ × ५ फुटांच्या दहा फरश्यांना. तुमचा साइडवॉक ३०० चौरस फुटांचा, त्याला सव्वा मग. ड्राइव्हवेचे ८०० चौरस फूट, त्याला तीन मग आणि वर थोडं. सगळं मिळून दोन किलोच्या आत. ५० पौंडांची एक बॅग अशा ११ वेळांना पुरते, आणि दर बर्फाला मीठ लागतंच असं नाही. जमीन ३० फॅ.च्या आसपास असेल तर याच्या निम्म्यात भागतं.

नजरेचा अंदाज: दोन खड्यांमध्ये तीन इंच मोकळी जागा. पहिल्यांदा हे हास्यास्पद कमी वाटेल. प्रत्येक खडा खाली भोक पाडत जमिनीपर्यंत जातो आणि तिथे द्रावण आडवं पसरतं, म्हणून एवढं पुरतं. खड्याला खडा लागलेला दिसला तर ते मीठ वाया गेलं.

क्रम: बर्फ पडत असतानाच दर दोन-तीन इंचांना फावडं मारा. गाडी बाहेर काढण्याआधी साफ करा, कारण टायरखाली दाबलेला बर्फ जमिनीला चिकटतो आणि मिठाची निम्मी गरज तिथूनच निर्माण होते. चिकटलेला पट्टा सात-आठ इंची पोलादी पात्याच्या खरडणीने काढा. एवढं करूनही पातळ काच राहिली तरच मीठ, आणि तेही पायऱ्या, उताराचा तीव्र भाग, फाटकाजवळ चालायची वाट इथे. जमीन कोरडी झाल्यावर दिसणारे पांढरे खडे झाडून डब्यात परत भरा, पुढच्या वेळी तेच चालतात.

युरिया: नको. ४६ टक्के नत्र म्हणजे तळ्याला खत घालणं, शिवाय पाण्यात त्याचा अमोनिया होतो तो माशांना घातक. आणि जमीन २५ फॅ.च्या खाली गेली की त्याचा उपयोगही जवळपास संपतो.

वाळू-मीठ अर्धं-अर्धं: दोघं एकमेकांचं काम बिघडवतात. मीठ वितळवतं, त्यामुळे वाळू चिखलात बुडते आणि पकड जाते. वाळूला पकड द्यायला कोरडा, गोठलेला पृष्ठभाग लागतो. थंडीत वाळू, उबेत मीठ, एका वेळी एकच. वाळूचा साठा गोठून दगड होऊ नये म्हणून त्यात पाच-दहा टक्के मीठ मिसळतात, ते वेगळं.

सिमेंट_वाळू

वरचं सगळं साइडवॉकला लागू. पण उत्तराभिमुख, तुमच्या नव्या ड्राइव्हवेवर या हिवाळ्यात कुठलंही मीठ टाकू नका. साधं नाही, कॅल्शियमवालं नाही, 'काँक्रीट सेफ' लिहिलेलं तर मुळीच नाही.

कारण: काँक्रीटच्या छिद्रांत पाणी असतं. ते गोठताना नऊ टक्के फुगतं. चांगल्या मिश्रणात यासाठी मुद्दाम हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडलेले असतात, आपल्या भागात सहा टक्क्यांच्या आसपास, फुगणाऱ्या पाण्याला तेवढी जागा मिळते. मीठ दोन गोष्टी करतं: पृष्ठभाग जास्त ओला ठेवतं, आणि शून्य सें.च्या आसपास वितळणं-गोठणं याच्या फेऱ्या वाढवतं. मग वरची दोन-चार मिलिमीटरची साय पापुद्रे होऊन सुटते, खालची खडी उघडी पडते. गंमत अशी की सगळ्यात जास्त नुकसान तीव्र द्रावणाने होत नाही, तीन टक्क्यांच्या आसपासच्या पातळ खारट पाण्याने होतं. म्हणून 'थोडंसंच टाकलं होतं' हा बचाव इथे चालत नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ओतलेल्या काँक्रीटचे २८ दिवस भरलेत, पण ते पुरेसं वाळलेलं नाही. ताकद येणं आणि वाळणं वेगवेगळं आहे. कंत्राटदाराकडून मिश्रणाची पावती मागून घ्या. हवा ५ ते ७ टक्के, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ किंवा कमी, ताकद ४,००० ते ४,५०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असेल तर पाया बरा आहे. घोटाई करताना वर आलेलं पाणी आत दाबलं गेलं असेल तर मात्र पावती कितीही चांगली असली तरी साय कमकुवत असते.

सीलर (काँक्रीटमध्ये पाणी शिरू नये म्हणून लावायचं रसायन): आत मुरणारा सिलेन किंवा सिलॉक्सेनचा. वर चकचकीत पापुद्रा बनवणारा अॅक्रिलिक नको, तो ओल आत कोंडतो आणि घसरडाही होतो. लावायला काँक्रीट कोरडं, तापमान ४० फॅ.च्या वर आणि रात्री गोठण नाही असे दोन-तीन दिवस लागतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळाले तर मिळाले. नाहीतर मेमध्ये लावा, घाईत ओल्यावर लावलेला सीलर पैसे बुडवतो.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही कणभर मीठ टाकलं नाहीत तरी गाडी हायवेवरून मीठ घेऊन येते. चाकांच्या कमानीत साचलेला करडा गोळा ड्राइव्हवेवर किंवा गॅरेजमध्ये पडून वितळतो आणि बरोबर त्याच चार ठिकाणी पापुद्रे सुटतात. गाडी आत घेण्याआधी रस्त्यावरच बुटाने ते गोळे पाडा, गॅरेजमधलं पाणी रबरी पात्याने बाहेर ओढा.

यंदा ड्राइव्हवेला फावडं, खरडणी आणि ग्रॅनाइटची कच. शेतीमालाच्या दुकानात कोंबड्यांसाठीची कच मिळते, तिचे कण वाळूपेक्षा मोठे आणि कोनदार असतात. मांजराच्या शौचपेटीत घालतात ती माती वापरू नका, ती ओली झाली की चिकणमाती होते.

अमोनियम सल्फेट किंवा अमोनियम नायट्रेट असलेलं खत तर काँक्रीटजवळही आणू नका. ते रासायनिकरीत्या सिमेंट खातं.

खडेमीठ

बरोबर. माझ्या हिशेबातला ड्राइव्हवेचा आकडा पुढच्या हिवाळ्यासाठी धरा.

मिसिसागाकर

प्रश्न दोन राहून गेलाय. बॅगेच्या दर्शनी भागावर 'पेट सेफ', 'नॅचरल', 'लॉन फ्रेंडली' लिहायला काही ठरलेला निकष नाही. मागे घटक न दिलेले असतील तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मालाचं सुरक्षा-पत्रक शोधा, त्यातला तिसरा विभाग घटकांचा. बऱ्याचदा तिथे ९० टक्क्यांच्या वर सोडियम क्लोराइडच सापडतं, वरून मॅग्नेशियम क्लोराइडचा हात फिरवलेला आणि निळा किंवा हिरवा रंग. रंग मात्र उपयोगी आहे, कुठे टाकलं ते दिसतं म्हणून कमी टाकलं जातं!

थंडीनुसार निवड:

साधं मीठ १५ फॅ.पर्यंत. मॅग्नेशियम क्लोराइड शून्य फॅ.च्या जवळपास. कॅल्शियम क्लोराइड उणे २० फॅ.पर्यंत (उणे २९ सें.). पोटॅशियम क्लोराइड २५ फॅ.च्या खाली निरुपयोगी. कॅल्शियम मॅग्नेशियम अॅसिटेटमध्ये क्लोराइड नाही, पण ते २० फॅ.च्या आसपास थांबतं, महाग आहे आणि पाण्यात कुजताना प्राणवायू खातं. बीटचा रस घातलेलं द्रावण गंज कमी करतं, पण त्यातही बहुतेक भाग मिठाच्या पाण्याचाच असतो आणि वर सेंद्रिय भार तळ्यात जातो. निर्धोक असं यात काहीच नाही, म्हणून नाव बदलण्यापेक्षा प्रमाण कमी करा.

कॅल्शियम क्लोराइडचा एक छोटा डबा मात्र ठेवा, जानेवारीतल्या कडाक्यात फक्त पायऱ्यांसाठी. ते हवेतलं पाणी ओढतं, डबा घट्ट बंद नसेल तर आठवड्यात रबडी होते. विरघळताना उष्णता सोडतं, हातमोजे घालूनच घ्या. त्याचं तेलकट पाणी बुटाबरोबर लाकडी फरशीवर येऊन घसरडं होतं, तेव्हा दाराशी जाड पायपुसणं हवंच.

क्लोराइडचा त्रास काय ते एकदा आकड्यात बघावं. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या जीवांसाठीची दीर्घकालीन मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम (१९८८ पासून), कॅनडाची त्याहून कडक, १२०. मिठात वजनाने ६१ टक्के क्लोराइड. म्हणजे ५० पौंडांची एक बॅग ६० हजार लिटर शुद्ध पाणी अमेरिकन मर्यादेला नेऊन पोचवते, १० हजार लिटरचे सहा टँकर. ते कुजत नाही, उडून जात नाही, गाळात कायमचं बसत नाही. काढायचं तर रिव्हर्स ऑस्मोसिस, आणि तळ्याला ते कोण लावणार? खारं पाणी जड असल्याने तळाशी जाऊन बसतं आणि वसंतात तळ्याचं पाणी वर-खाली ढवळलं जायला हवं ते अडतं, तळाला प्राणवायू पोचत नाही. मिनेसोटात क्लोराइडमुळे बाधित ठरलेली तळी आणि ओढे पन्नासहून अधिक आहेत. इकडे कॅनडाने २००१ मध्येच रस्त्याच्या मिठाचं मूल्यमापन करून ते पर्यावरणाला घातक ठरवलं आणि २००४ मध्ये मोठ्या वापरकर्त्यांसाठी आचारसंहिता आणली. मीठ थांबलं नाही, पण साठे छपराखाली आले आणि ट्रकांवर मापं बसली.

वाळूबाबत एक भर: वाळूही फुकट नाही. गटाराची जाळी तीच तुंबवते. मार्चअखेर झाडून, चाळून पुढच्या वर्षासाठी बादलीत भरा.

उत्तराभिमुख

आभार, ड्राइव्हवे यंदा कचेवर. दोन गोष्टी राहिल्या: साइडवॉकसाठी मीठ पसरवायचा, हाताने फिरवायचा स्प्रेडर आहे, त्यातून चौरस मीटरला २० ग्रॅमच पडतंय हे कसं तपासायचं? आणि मिठाच्या पाण्याची कृती. शिवाय शेजारच्या टाउनहोम असोसिएशनचं बर्फाचं कंत्राट नव्याने निघतंय, त्यांना काय अटी सुचवाव्यात?

खडेमीठ

स्प्रेडर तपासणं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि गॅरेजच्या कोरड्या फरशीवर किंवा ताडपत्रीवर आत्ताच करता येईल.

मीठ वजन करून भरा, समजा ५ किलो. झडप सगळ्यात लहान खुणेवर. नेहमीच्या चालीने सरळ ५ मीटर चाला, हँडल नेहमीच्या गतीने फिरवा. उरलेलं मीठ वजन करा. किती रुंदीवर पडलंय ते टेपने मोजा, कडेचे एकटे-दुकटे खडे सोडून द्या. समजा २ मीटर रुंदीवर ४०० ग्रॅम पडलं. क्षेत्र १० चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला ४० ग्रॅम, दुप्पट. झडप आणखी मिटत नसेल तर आतून पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी लावून भोक अर्धं करा. प्रत्येक खुणेचा आकडा झाकणावर मार्करने लिहून ठेवा. मिठाच्या खड्याचा आकार बदलला की आकडा बदलतो, नवी जात आणली की पुन्हा मोजा.

तुमचा साइडवॉक ५ फूट, म्हणजे दीड मीटर रुंद. २ मीटर फेकणारा स्प्रेडर पाव भाग मीठ गवतात टाकतो. एका बाजूला आडोशाची फळी लावा, किंवा भोकं पाडलेल्या डब्याने हातानेच टाका. ३०० चौरस फुटांसाठी यंत्र लागतंच असं नाही.

आता मिठाचं पाणी. तीव्रता २३.३ टक्के हवी, वजनाने. १० लिटर पाण्याला ३ किलो मीठ (गॅलनला अडीच पौंड). जास्त घालून फायदा नाही, २३.३च्या वर गेलं की गोठणबिंदू उलट वर चढतो आणि मीठ तळाशी बसतं. कोमट पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा, वरचं निवळ पाणी जुन्या धोतराच्या किंवा मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा. रस्त्याचं मीठ खाणीतलं असतं, त्यात न विरघळणारी माती असतेच, न गाळता भरलंत तर फवारणीचं तोंड पहिल्याच दिवशी बुजेल. हायड्रोमीटर असेल तर विशिष्ट गुरुत्व १.१८च्या जवळ दिसलं पाहिजे.

फवारा प्लास्टिकचा, पितळी तोंड नसलेला. आणि धुक्यासारखा बारीक फवारा नको, धारा हव्यात: सात-आठ इंचांवर समांतर रेघा. रेघांच्या मधली जमीन कोरडी राहिली तर माणूस घसरत नाही. प्रमाण १,००० चौरस फुटांना अर्धा ते पाऊण गॅलन. तुमच्या साइडवॉकला ६०० ते ८०० मिलिलिटर, एक सोड्याची बाटलीसुद्धा पुरते. त्यात मीठ जातं पावणेदोनशे-सव्वादोनशे ग्रॅम, खडे टाकले असते तर साडेपाचशे. हाच खरा फायदा: बर्फ चिकटल्यावर पकड सोडवायला जे मीठ लागतं, त्याच्या तिसऱ्या हिश्शात पकड बसूच देत नाही.

कधी फवारू नये: बर्फाआधी पाऊस येणार असेल तर (सगळं वाहून गटारात), जमीन १५ फॅ.च्या खाली असेल किंवा लवकरच जाणार असेल तर, आणि कडाक्याच्या थंडीत कोरडा, वाऱ्याने उडणारा बर्फ असेल तर. शेवटच्या प्रकारात ओल्या रेघा उडता बर्फ पकडून ठेवतात, नाहीतर तो आपोआप पुढे निघून गेला असता. फवारल्यावर काम झालं की फवारा साध्या पाण्याने धुवा, पंपाची स्प्रिंग गंजते.

हाताशी ब्राइन, म्हणजे हेच मिठाचं पाणी, असेल तर टाकायच्या आधी कोरड्या खड्यांवर थोडं शिंपडून ओले करून घ्या. ओले खडे उड्या मारत कडेला जात नाहीत आणि लगेच कामाला लागतात.

मेपलच्या_सावलीत

झाडं आणि कुत्रा राहिलेत म्हणून.

शुगर मेपल मिठाला फार नाजूक. पांढरा पाइनही तसाच. साइडवॉकवरून काढलेला खारट बर्फ बुंध्याभोवती ढीग करून ठेवू नका, मुळांची मोठी जाळी फांद्यांच्या टोकांखाली असते, तिथेही नको. ढीग उताराच्या खालच्या बाजूला आणि गवतावर करा, म्हणजे वितळलेलं पाणी पुन्हा वाटेवर येऊन रात्री गोठणार नाही.

मातीत होतं ते सांगली-कोल्हापूरच्या चोपण जमिनी पाहिलेल्यांना ओळखीचं आहे. सोडियम मातीच्या कणांवरून कॅल्शियमला हुसकावतं, कण सुटे होतात, ओली असताना माती चिकट आणि वाळली की टणक, पाणी मुरत नाही. इलाजही तोच, जिप्सम आणि त्यावर भरपूर गोडं पाणी. पण निचरा असेल तरच. आणि माती-परीक्षणात सोडियम जास्त आलं असेल तरच, साइडवॉकच्या कडेचं गवत पिवळं पडलं म्हणून जिप्समची पोती आणू नका, बऱ्याचदा ते फक्त फावड्याने सोललेलं असतं.

कुत्रा: कॅल्शियम क्लोराइडने पंजे भाजू शकतात, साध्या मिठाने भेगा झोंबतात. फिरून आला की कोमट पाण्यात पंजे बुडवून बोटांच्या मधून पुसा, चाटायच्या आत. रबरी बूट घातले तर उत्तम, घालू दिले तर. मीठ आणि तयार द्रावण उंचावर ठेवा, कुत्र्याने बचकभर मीठ खाल्लं किंवा खारं पाणी प्यायलं तर थेट पशुवैद्य.

मिसिसागाकर

कंत्राटाबद्दल. पहिली गोष्ट, पैसे कशाचे मोजताय ते बघा. बॅगेमागे किंवा 'दर फेरी'मागे दर ठरलेला असेल तर कंत्राटदार कमी मीठ कशाला टाकेल? पूर्ण हंगामाचा एकरकमी दर घ्या, मीठ त्याच्या खिशातून जाऊ द्या. मात्र तेवढ्यावर सोडलंत तर तो फावडंही कमी मारेल, म्हणून फावड्याच्या अटी स्पष्ट लिहा: किती इंचांना यायचं (बहुधा दोन), बर्फ थांबल्यापासून किती तासांत संपवायचं, कोणत्या भागांत उघडी जमीन हवी आणि कोणत्या भागांत दाबलेला बर्फ चालेल. मागच्या पार्किंगचा कधीच न वापरला जाणारा कोपरा हिवाळाभर दोरी लावून बंद ठेवा, एक फेरी तरी वाचते.

दुसरं, मिनेसोटात प्रदूषण नियंत्रण खात्याचं 'स्मार्ट सॉल्टिंग' प्रशिक्षण आहे. गाडी चालवणाऱ्या माणसाकडे ते प्रमाणपत्र हवं, मालकाकडे असून उपयोग नाही. यंत्रं हंगामाआधी मोजून घेतल्याचा कागद मागा.

तिसरं, नोंदवही. तारीख, वेळ, जमिनीचं तापमान, काय टाकलं, किती किलो, किती क्षेत्रावर, कोणी. जास्त मीठ टाकलं जातं ते घसरून पडल्याच्या दाव्यांच्या भीतीने, आणि दाव्यात मिठाच्या ढिगापेक्षा नोंदी जास्त उपयोगी पडतात. न्यू हॅम्पशरने २०१३ पासून राज्याचं प्रमाणपत्र असलेल्या आणि नोंदी ठेवणाऱ्या कंत्राटदारांना अशा दाव्यांपासून संरक्षण दिलंय. आमच्या ओंटारिओत जानेवारी २०२१ पासून बर्फावर पडून इजा झाली तर ६० दिवसांत लेखी सूचना द्यावी लागते. तुमच्या असोसिएशनने स्वतःच्या विमा कंपनीला आणि वकिलाला विचारूनच अटी पक्क्या कराव्यात, हे राज्याराज्यात वेगळं आहे.

चौथं, मिठाआधी पाण्याचा बंदोबस्त. टाउनहोममध्ये पन्हळीचे पाइप सर्रास चालायच्या वाटेवर सोडलेले असतात. दुपारी छपरावरचा बर्फ वितळतो, वाटेवर येतो, संध्याकाळी काच. कंत्राटदार रोज तिथे मीठ टाकतो आणि कुणी पाइप वळवत नाही. नोव्हेंबरमध्ये एक फेरी मारून असे पाइप मोजा आणि गवताकडे वळवा. हंगामी मीठ जिथे सगळ्यात जास्त जातं अशा जागांपैकी बऱ्याच तिथेच संपतील.

नवीन_सभासद

वॉटर सॉफ्टनरच्या (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राच्या) मिठाच्या गोळ्या पडून आहेत. फोडून साइडवॉकवर टाकल्या तर?

खडेमीठ

चालतील, मीठ तेच आहे. हातोडीने ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे करा, अख्खी गोळी एकाच जागी खड्डा पाडत बसते. ब्राइनला तर त्या जास्त चांगल्या, माती नसल्याने गाळायची कटकट नाही. मात्र बॅगेवर पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय का बघा, काही सॉफ्टनरला ते वापरतात, आणि ते २५ फॅ.च्या खाली काही करत नाही. आणि सॉफ्टनर घड्याळावर चालणारा जुना असेल तर तो पाणी वापरलं नाही तरी ठरल्या दिवशी मीठ फेकतो. पाण्याच्या वापरानुसार चालणारा घेतलात तर वर्षाकाठी या साइडवॉकवर टाकाल त्याहून जास्त मीठ तिथे वाचू शकतं.